वर्गातल्या एका मुलाच्या आईला किमो चालू आहे. कॅन्सर शिकवू की नको?

वाचकाचं पत्र:

डॉक्टर, मी तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये आठवी-नववीला विज्ञान शिकवते. ४ फेब्रुवारीला कॅन्सर दिन म्हणून बाहेरून वक्ते बोलावले होते. त्यांनी पडद्यावर तोंडाच्या कॅन्सरचे एकेक फोटो लावले. नववीतला एक मुलगा मध्येच उठून बाहेर गेला आणि व्हरांड्यात रडत बसला. त्याच्या आईला स्तनाचा कॅन्सर आहे, मिरजेला किमो चालू आहे. तेव्हापासून वर्गातली काही मुलं त्याच्या बाटलीतलं पाणी पीत नाहीत, त्याच्याबरोबर डबा खात नाहीत. हेडसर म्हणतात, 'हा विषय शाळेत नकोच, मुलं घाबरतात.' त्यांच्याच खिशात तंबाखूची डबी असते. एका पालकांचं म्हणणं, मुलींसमोर असल्या अवयवांची नावं कशाला घेता? आणि मधल्या सुट्टीत पोरं समोरच्या टपरीवरून सुपारीच्या पुड्या आणतात, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. विषय सोडून देऊ की शिकवू? शिकवायचा तर कसा?
– एक शिक्षिका

मॅडम, नमस्कार.

विषय सोडू नका. हेडसरांचं अर्धं म्हणणं मात्र मला पटतं. तसले फोटो बघून मुलं घाबरतात, आणि घाबरण्यापलीकडे त्यांच्या हाती काही लागत नाही. तंबाखूच्या पुडीवरही तसाच फोटो असतो. २०१६ पासून तर पाकिटाचा ८५ टक्के भाग त्या इशाऱ्याने व्यापलेला असतो. आपल्या गावातला माणूस तो रोज बघतो, पुडी फाडतो, चुना घेतो आणि मळायला लागतो. मोठ्यांवर ज्याचा इतपतच परिणाम होतो, ते तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना अर्धा तास दाखवून काय साधणार? ज्याच्या घरात दुखणं आहे त्याला मात्र ते फोटो रात्री झोपू देत नाहीत.

शिकवायच्या आधी त्या मुलाचं बघू. पहिल्यांदा त्याच्या वडिलांशी, नाहीतर घरात जी मावशी-आत्या सध्या सांभाळतेय तिच्याशी बोला. मुलाला घरात नेमकं काय सांगितलंय ते विचारा. बऱ्याच घरांत 'आईला गाठ आली होती, काढली' एवढ्यावरच भागवलेलं असतं. उरलेलं पोरगं रात्री पांघरुणात मोबाइलवर शोधतं आणि तिथं सगळ्यात वाईट असेल तेच त्याला आधी सापडतं. किमोच्या तारखा लिहून घ्या. त्या दिवशी घरी भाकरी कोण करतं, धाकट्याला कोण सांभाळतं, हे कळलं की अपुऱ्या वहीबद्दल त्याला बोलायचं की नाही हे तुमचं तुम्हालाच समजेल.

मग त्याच्याशी बोला. स्टाफरूममध्ये बोलावू नका, तिथं बोलावणं आलं की मुलाला वाटतं आपलं काहीतरी चुकलंय. प्रयोगशाळेत सामान लावायला मदतीला घ्या आणि हात चालू असताना बोला, मुलं तेव्हा जास्त मोकळी होतात. आईचा आजार त्याच्यामुळे झालेला नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. ऐकायला विचित्र वाटेल, पण 'मी आईला फार त्रास दिला, म्हणून झालं' असं मनात धरून बसलेली मुलं मी दवाखान्यात पाहिली आहेत. विचारल्याशिवाय ती हे कधीच बोलत नाहीत. किमोने गळालेले केस उपचार संपल्यावर बहुतेकांचे परत येतात, हेही सांगा. आई बरी होईल असं वचन मात्र देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. 'तिच्यावर नीट उपचार चालू आहेत' हे खरं आहे आणि तेवढं पुरे. वर्गात हा विषय घेण्याआधी त्याला एक दिवस आधी कळवा. बसायचं की लायब्ररीत जायचं, ते त्याला ठरवू द्या. आणि तो बसला तर त्याच्याकडे बघून बोलू नका, त्याच्या आईचं उदाहरण तर अजिबात घेऊ नका.

आता त्या पाण्याच्या बाटलीचं. कॅन्सर संसर्गाने होत नाही. एका ताटात जेवल्याने, उष्टं पाणी प्यायल्याने, रुग्णाजवळ झोपल्याने तो दुसऱ्याला लागत नाही. मुलांना हे नुसतं सांगून भागणार नाही, कारण 'लागत असेल तर?' ही शंका आजीच्या तोंडून घरोघर ऐकलेली असते. त्यांना उलटी बाजू दाखवा. किमोमध्ये रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून त्या माउलीला आपला साधा सर्दी-खोकलासुद्धा महागात पडू शकतो. म्हणजे धोका असलाच तर आपल्याकडून तिला आहे, तिच्याकडून आपल्याला नाही. नाक वाहत असेल तर मित्राच्या घरी जाऊ नका, गेलात तर आधी साबणाने हात धुवा. मुलांना करायला काहीतरी काम मिळालं की लांब राहण्याचं कारण आपोआप गळून पडतं, असा माझा अनुभव आहे.

वर्गात एखादं हुशार पोरगं विचारेलच: 'मॅडम, पण काही कॅन्सर विषाणूने होतात ना?' होतात. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो, यकृताच्या काही कॅन्सरमागे हिपॅटायटिस बी असतो. विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातो, झालेला कॅन्सर जात नाही. आणि या दोन्ही विषाणूंवर लस आहे. हा प्रश्न आला तर तास चांगला चाललाय असं समजा.

हेडसरांना परवानगी मागायला जाऊ नका, कारण ती लागतच नाही. आठवीच्या विज्ञानात आरोग्य आणि रोगांचा धडा आहे, त्यात कर्करोग आहे. तुम्ही तो धडा जरा सावकाश शिकवताय, इतकंच. सुरुवात पेशीपासून करा. शरीरातल्या पेशी ठरलेल्या हिशोबाने वाढतात, जुन्या होतात, मरतात. एखादी पेशी तो हिशोब मोडते आणि वाढतच सुटते. तुमची मुलं द्राक्षबागेत वाढलेली, त्यांना वांझ फुटी ठाऊक आहेत: वेलीचं अन्न खातात, घड देत नाहीत, म्हणून वेळेत काढायच्या असतात. तिथून सुरू करा, पण तुलना फार ताणू नका. वांझ फूट आहे तिथंच राहते. कॅन्सरच्या पेशी रक्तातून, लसिकेतून दुसऱ्या अवयवात जाऊन बसतात, म्हणूनच लवकर सापडण्याला इतकं महत्त्व. कॅन्सर हा एकच आजार नसून शंभरावर आजारांचं एक नाव आहे, हेही सांगा. 'आमच्या आज्याला झाला आणि महिन्यात गेला' असं कुणीतरी म्हणेल, त्याला उत्तर द्यायला हे उपयोगी पडतं. आज्याचा कुठला होता, किती उशिरा सापडला होता, यावर सगळं असतं.

आता सुपारीकडे येते, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली ओळ ती आहे. भारतात पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो ओठ आणि तोंडाचा कॅन्सर. त्याचं मूळ आपण एकट्या तंबाखूत शोधतो आणि पोरांच्या हातातली 'साधी' सुपारी सोडून देतो. तंबाखू नाही ना त्यात, मग काय झालं, असं आईवडीलही म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला, तंबाखूशिवायच्या नुसत्या सुपारीलासुद्धा, कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातलंय. म्हणजे तंबाखूच्याच रांगेत. पुडीतली गोड सुपारी ही पहिली पायरी, पुढे टपरीवर मावा चोळून मिळतोच.

सुपारीने तोंड आवळत जातं. गालाच्या आतली कातडी कडक होते आणि जबडा पूर्वीइतका उघडत नाही. ही कॅन्सरआधीची अवस्था आहे, पण मुलाला दुखत काहीच नाही, म्हणून ती लपून राहते. तिच्या खुणा मात्र घरच्या घरी दिसतात. ठेचा, मिसळ, साधी तिखट भाजीसुद्धा तोंडाला झोंबायला लागते. शिट्टी वाजत नाही. पाणीपुरी सबंध तोंडात जात नाही, फोडून खावी लागते. मुलांना आरशासमोर एक गोष्ट करायला सांगा: स्वतःची मधली तीन बोटं जोडून, एकावर एक येतील अशी, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायची. मोठ्या माणसाची साधारण तिन्ही जातात. दोनच जात असतील तर दातांच्या डॉक्टरांना दाखवायचं. हे वर्गात सगळ्यांसमोर करून घेऊ नका, एखाद्याचं तोंड उघडलं नाही तर तो वर्षभर चेष्टेचा विषय होईल. घरी करू दे. घरी तो एकटा करणारही नाही, बघता बघता बाप आणि चुलतासुद्धा आरशासमोर उभे राहतात. पूर्ण आवळलेलं तोंड पहिल्यासारखं होणं अवघड असतं, पण सुपारी सुटली तर पुढचं बिघडणं थांबवता येतं. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही तर दाखवायचा, ही एक ओळ फळ्यावर लिहून ठेवा.

टपरीचं काम मुलांच्या गळ्यात घालू नका. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे आणि अठराखालच्या कुणालाही, कुठेही विकायला बंदी आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. १०० यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर. गणिताच्या सरांना टेप घेऊन गेटपासून मोजायला सांगा, मुलं मजेने मोजतील. पुढचा अर्ज मात्र शाळेच्या लेटरहेडवर, ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला. साधी सुपारी या तंबाखूच्या कायद्यात बसत नाही, हे लक्षात ठेवा. तिथं शाळेचा स्वतःचा नियम आणि टपरीवाल्याशी समोरासमोर बोलणंच कामी येतं. तो गावातलाच असतो, त्याचं पोरही बहुधा तुमच्याच शाळेत असतं.

याच ओघात एक स्पष्ट सांगते. मुलांना 'मी वडिलांची तंबाखू सोडवीन' अशी शपथ देण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला मुळीच पसंत नाही. पोरगं घरी जाऊन बापाला शिकवायला लागतं, बाप दमून आलेला असतो, आणि कानाखाली बसते. बापाची तंबाखू सुटत नाही आणि पोराला वाटतं, बाप मेला तर मी कमी पडलो. मुलाने फक्त स्वतःपुरतं बघावं. जमलंच तर '१८००-११-२३५६' हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत फोन नंबर वहीत लिहून न्यावा, वही उघडी पडलेली असली की घरातलं कुणीतरी वाचतं. एक मात्र मुलांनी ठामपणे करावं: पुडी आणायला 'नाही' म्हणणं. 'जा रे, समोरून आण' असं घरात सहज म्हटलं जातं. 'मॅडमनी सांगितलंय, मला दिली तर दुकानदाराला शिक्षा होते' एवढं वाक्य त्याच्या हातात द्या. दोष तुमच्यावर घ्या, तुम्हाला कुणी मारणार नाही.

आणि मशेरी. आपल्याकडे तंबाखूचा विषय निघाला की सगळे पुरुषांकडे बघतात. सकाळी चुलीपाशी बसून तव्यावर भाजलेली तंबाखू बोटाने दाताला लावणारी आजी कुणाच्याच हिशोबात नसते. ती स्वतःही म्हणते, 'मी कुठं तंबाखू खाते?' नातीचा दात दुखला की तीच म्हणते, 'लाव थोडी, ठणका थांबतो.' मुलींची सुरुवात तिथून होते, लपूनछपून नव्हे, प्रेमाने. मुलींना हे आवर्जून सांगा, पण आजीला गुन्हेगार न करता. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत तंबाखू खाणाऱ्या, म्हणजे न ओढणाऱ्या शाळकरी मुलांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त जणांनी दहा वर्षं पुरी व्हायच्या आतच सुरुवात केलेली आढळली. म्हणजे खरं तर आठवी उशिराच. तुमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींनाही यात ओढा.

आता त्या पालकांचा आक्षेप. स्तन आणि गर्भाशय हे शब्द उच्चारल्याने मुली बिघडत नाहीत. न उच्चारल्याने त्यांच्या आया मात्र गाठ सहा-सहा महिने पदराखाली लपवून ठेवतात, हे मी नेहमी बघते. भारतातल्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो स्तनाचा कॅन्सर आणि त्याखालोखाल गर्भाशयमुखाचा. मुख्य धडा मुलामुलींना एकत्रच द्या. वेगळं बसवलं की मुलांना वाटतं यात काहीतरी चोरटं आहे. नंतर मुलींना हवं तर वेगळा अर्धा तास द्या. त्यात त्यांना गाठी शोधायला मात्र शिकवू नका. या वयात शरीर बदलत असतं, हाताला गाठीसारखं काही लागलं तरी ते कॅन्सर असण्याची शक्यता अगदी नगण्य असते, आणि पोरी उगाच झुरत बसतात. शरीराबद्दल काहीही वाटलं तर आईला किंवा मॅडमना सांगायला लाजायचं नाही, इतकं पुरे.

एचपीव्ही लशीची माहिती मात्र याच वयात द्यायला हवी, कारण ती नऊ ते चौदा या वयात सगळ्यात जास्त उपयोगी पडते. या विषाणूचा आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा संबंध शोधणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वतःची लस २०२३ च्या जानेवारीत बाजारात आणली. सरकारी दवाखान्यात ती कधी आणि कुणाला मिळते हे आरोग्य केंद्रातून लेखी घ्या आणि सूचना फलकावर लावा. पालकांना लांबची उदाहरणं पटत नाहीत, त्यांना बार्शीचं सांगा. तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने टाटा रुग्णालयाच्या साथीने उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात खेड्यापाड्यांतल्या एक लाख तीस हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास केला. ज्या बायकांची एचपीव्हीची चाचणी एकदाच झाली होती, त्यांच्यात पुढच्या आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने झालेले मृत्यू, तपासणी न झालेल्या बायकांच्या तुलनेत, जवळपास निम्मे होते. हे २००९ मध्ये जगभर प्रसिद्ध झालं. आपल्यासारख्याच रानात राबणाऱ्या बायका होत्या त्या.

आयांपर्यंत पोचायला पालक सभा कामाची नाही, तिला बाप येतो आणि सही करून जातो. संक्रांतीनंतर शाळेत हळदीकुंकू ठेवा, विधवा भगिनींनाही मानाने बोलवा, आणि आशाताईंना दहा मिनिटं बोलू द्या. तिशीपुढच्या बायकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, हे वाणासोबत कळलं तर लक्षात राहतं.

प्रश्नांसाठी एक खोका ठेवा, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. तासगावात पहिली चिठ्ठी काय असेल ते मी आत्ताच सांगते: 'बागेत औषध मारल्याने कॅन्सर होतो का?' हा प्रश्न उडवून लावू नका. मॅलॅथिऑन आणि डायझिनॉन या कीटकनाशकांना, सुपारीला पहिल्या गटात घालणाऱ्या त्याच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' गटात घातलंय. म्हणून बाग तोडा असं कुणी म्हणत नाही. पण उघड्या हाताने औषध कालवायचं नाही, ब्लोअर चालू असताना पोरांनी मागे फिरायचं नाही, मारून आल्यावर अंघोळ आणि कपडे वेगळे धुवायचे, रिकामा डबा पाण्याला वापरायचा नाही. दुसरी चिठ्ठी मोबाइल टॉवरची असेल. टॉवरमुळे कॅन्सर होतो असा ठोस पुरावा मिळालेला नाही, एवढं सांगून पुढे चला. 'पाप केल्याने होतो का' ही चिठ्ठीही येईल. तिला हसू नका. ज्याने लिहिलीय त्याच्या घरात कुणीतरी तसं बोललेलं असतं.

लहान मुलांनाही कॅन्सर होतो, पण ते मुलांना शिकवण्यापेक्षा तुम्हा शिक्षकांना माहीत असलेलं बरं. त्यात रक्ताचा सगळ्यात जास्त, आणि उपचार अर्ध्यावर न सोडता पुरे केले तर त्यातली बरीच मुलं बरी होतात. आठवडेच्या आठवडे न जाणारा ताप, पांढरी पडत चाललेली मुलगी, न लागता उठणारे काळेनिळे डाग दिसले तर आरोग्य तपासणीला येणाऱ्या पथकाची वाट न बघता पालकांना दवाखान्यात धाडा. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, हे त्यांना सांगा.

राहिले हेडसर. त्यांना विषयाचा शत्रू समजू नका. तीस-चाळीस वर्षं डबी खिशात असलेल्या माणसाला या विषयाची भीती सगळ्या शाळेत जास्त असते. त्या पडद्यावर त्यांनी स्वतःचंच तोंड पाहिलं असणार. स्टाफरूममध्ये टोमणा मारलात तर ते कायमचे विरोधात जातील. सांगलीत दंत महाविद्यालयं आहेत, विनंती केली तर ती शाळेत मुखतपासणीचं शिबिर घेतात. हेडसरांच्याच सहीने तसं पत्र पाठवा. तपासणी आधी शिक्षकांची होऊ द्या, शाळा सुटल्यावर, मुलं नसताना, हवं तर हेडसरांची सगळ्यात शेवटी. वार्षिक परीक्षेआधीची तारीख मागा, कारण ३१ मेचा तंबाखूविरोधी दिन सुट्टीत येतो आणि शाळेत तो कधी होतच नाही. पत्रात मुलांचा आकडा आणि शिक्षक-शिपाई मामांचा आकडा वेगवेगळा लिहा, म्हणजे ते त्या हिशोबाने डॉक्टर पाठवतील.